हुकूम, भीती आणि गुण : एका गेमच्या समीक्षेचा इतिहास

उर्दूत समीक्षेला 'तनकीद' म्हणतात. शब्दाचं मूळ अरबी 'नक्द'. नक्द म्हणजे नाणं पारखणं, खरं आणि खोटं वेगळं काढणं. आपल्या मराठीतलं 'नगद' त्याच घराण्यातलं, आणि शेतकऱ्याचं नगदी पीकही. मराठीतला 'टीका' हा शब्द मात्र दोन अर्थांनी चालतो. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, म्हणजे उलगडा. आणि पुढाऱ्यावर होते ती टीका, म्हणजे दोष काढणं. नाणं पारखणं, अर्थ उलगडणं आणि दोष दाखवणं, ही तीनही कामं समीक्षकाकडे एकाच वेळी येतात. व्हिडिओ गेमच्या समीक्षकाला तर ती खेळ बाजारात येण्याच्या दिवशीच उरकावी लागतात.

या तिहेरी कामाचं एक चांगलं उदाहरण म्हणजे 'एलियन्स : डार्क डिसेंट'. टिंडालोस इंटरॅक्टिव्ह या फ्रेंच स्टुडिओने तो बनवला, फोकस एंटरटेनमेंटने प्रकाशित केला, आणि 20 जून 2023 रोजी तो संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर एकदमच आला. व्हिडिओ गेमला पोरखेळ समजणाऱ्या वाचकांनीही थोडं थांबावं. माणसांना हुकूम देण्याचा अधिकार आणि त्या माणसांची भीती यांचा हिशोब कसा मांडायचा, हा प्रश्न या खेळात आहे. समीक्षकांनी तो कसा वाचला, याचा इतिहास चाळीस वर्षं मागे जातो.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. काळ 2198. लेथी नावाच्या वसाहतीवर झेनोमॉर्फ हे परग्रहावरचे हिंस्र प्राणी पसरले आहेत. ग्रीक पुराणात लेथी ही विस्मृतीची नदी, तेव्हा नाव विचार करूनच ठेवलेलं आहे. वेलँड-युटानी या बलाढ्य कंपनीची एक अधिकारी, माएको हेज, संसर्ग बाहेर जाऊ नये म्हणून 'सर्बरस' ही आणीबाणीची यंत्रणा सुरू करते. या यंत्रणेत जवळ येणारं प्रत्येक जहाज पाडलं जातं. त्यात मदतीला आलेलं 'ओटागो' हे लष्करी जहाजही कोसळतं. वाचलेले सैनिक त्याच मोडक्या जहाजात तळ ठोकतात. खेळाडू तिथून चारेक जणांची तुकडी बाहेर पाठवतो, वरून नकाशावर पाहावं तसं पाहतो आणि हुकूम सोडतो.

पडद्यावर वेळ थांबत नाही. बुद्धिबळासारखी पाळीपाळीने चाल नाही. फार तर विशेष हुकूम देताना वेळ संथ होते. सैनिक दिसले की प्राण्यांचा पाठलाग सुरू होतो, आणि तुकडी जितकी जास्त वेळ बाहेर राहील तितके ते अधिक आक्रमक होत जातात. सैनिकांवर ताण चढतो. ताण वाढला की नेम चुकतो, हातपाय गळतात, आणि काही जणांच्या मनावर कायमची जखम राहते. मुख्य उपाय असा. एखाद्या खोलीत शिरायचं, दारं वेल्डिंग करून बंद करायची आणि विश्रांती घ्यायची. वेल्डिंगचं साहित्यही मोजकंच. मेलेला सैनिक परत येत नाही. तळावर परतलेल्यांना दवाखान्यात दिवस काढावे लागतात, आणि इकडे दिवस उलटतात तसा लेथीवरचा संसर्ग वाढत जातो.

इथेच पेच आहे. डावपेचांचा खेळ माणसाला ताबा देतो : सगळं वरून दिसतं, सगळं आपल्या हुकमाने हलतं. भयकथा नेमका तोच ताबा काढून घेते. दोन्ही एका खेळात नांदतील कसे? हा प्रश्न 2023 चा नाही.

रिडली स्कॉट यांचा 'एलियन' 1979 साली आला आणि जेम्स कॅमेरून यांचा 'एलियन्स' 1986 साली. पहिल्यात सात माणसं आणि एक प्राणी. दुसऱ्यात हत्यारबंद सैनिक आणि प्राण्यांची झुंड. पहिल्या चित्रपटावरून 1984 साली ब्रिटनमध्ये, कमोडोर 64 आणि स्पेक्ट्रम या घरगुती संगणकांसाठी, 'एलियन' याच नावाचा खेळ निघाला. त्या काळी चित्रपटावरचा खेळ म्हणजे पळा, उडी मारा, गोळी घाला. हा मात्र वेगळा निघाला. खेळाडू जहाजाच्या नकाशावर कर्मचाऱ्यांना हुकूम देत असे, पण प्रत्येक कर्मचाऱ्याची मनःस्थिती वेगळी मोजली जाई. आत्मविश्वास, अस्वस्थता, थरकाप, उन्माद अशा पायऱ्या होत्या. घाबरलेला माणूस हुकूम ऐकत नसे. वर त्यांच्यातला एक जण गुपचूप यंत्रमानव असे, आणि तो कोण हे प्रत्येक डावात बदले.

दुसऱ्या चित्रपटावरून इलेक्ट्रिक ड्रीम्स या ब्रिटिश प्रकाशकाने काढलेल्या खेळात सहा जण होते. खेळाडू एका वेळी एकाच्याच डोळ्यांनी पाहू शके, पण संकट सहाही जणांवर एकाच वेळी येई. एकाला वाचवताना दुसऱ्याची हाक यायची. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना लेफ्टनंट गॉर्मन आठवेल. तो चिलखती गाडीत बसून पडद्यांवर आपल्या माणसांचे कॅमेरे पाहतो, हुकूम देतो, आणि खरी वेळ आली तेव्हा गोठून जातो. खेळाडूला बसवलं होतं ते बरोबर त्याच खुर्चीवर.

1989 साली गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचा 'स्पेस हल्क' हा पटावरचा खेळ आला. अंधाऱ्या जहाजाचे अरुंद बोळ, जड चिलखतातले सैनिक आणि समोरून झेपावणारे प्राणी. 'एलियन्स'ची सावली त्यावर स्पष्ट होती. त्यातली खरी युक्ती होती घड्याळ. सैनिकांच्या बाजूने खेळणाऱ्याला ठरावीक वेळातच चाल उरकावी लागे, प्राण्यांच्या बाजूने खेळणाऱ्याला तसं बंधन नव्हतं. म्हणजे पाळीपाळीच्या खेळातही घाई आणि घबराट आणता येते हे एका साध्या वस्तूने दाखवलं. 1993 साली त्याची संगणकावरची आवृत्ती आली तेव्हा युक्ती उलटी झाली. खेळ सलग चाले आणि खेळाडू तो थोडा काळ गोठवू शके, पण गोठवण्याची वेळ मोजून मिळे. विचार करायला लागणारा वेळ हीच दुर्मीळ वस्तू ठरली.

या सगळ्या खेळांच्या समीक्षेलाही तेव्हा नवी भाषा घडत होती. 'कम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' हे ब्रिटिश मासिक 1981 चं, 'क्रॅश' 1984 चं आणि 'झॅप 64' 1985 चं. 'क्रॅश'मध्ये एका खेळावर एकापेक्षा अधिक समीक्षकांची मतं छापत आणि खाली टक्के देत. ग्राफिक्सचे टक्के, खेळण्यातल्या गोडीचे टक्के, एकूण टक्के. आठवड्याचा खाऊचा पैसा साठवून कॅसेट घेणाऱ्या मुलासाठी हा व्यवहार चोख होता. नाणं खरं की खोटं, तेवढं सांगा.

उर्दू साहित्याचा अभ्यास केलेल्याला इथे तजकिऱ्यांची आठवण येते. तजकिरा म्हणजे शायरांची नोंदवही : नाव, गाव, उस्ताद, दोन ओळींत निवाडा आणि निवडक शेर. मीर यांचा 'निकात-उश-शुअरा' 1752 चा. निवाडा होता, पण शायरी कशासाठी असते आणि ती समाजात काय करते याची सलग मांडणी व्हायला हाली यांच्या 1893 च्या 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'ची वाट पाहावी लागली. गेमच्या समीक्षेचा प्रवास याच वाटेने झाला, फक्त फार वेगाने. निवाडा आधी आला, अर्थ मागून आला.

पण निवाड्याचा आकडा मध्येच मोठा होऊन बसला. 2001 साली मेटाक्रिटिक सुरू झालं. अनेक समीक्षकांचे गुण घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि शंभरापैकी एक आकडा द्यायचा. मराठीत 'गुण' या शब्दात सद्गुणही आहे आणि परीक्षेतले मार्कही आहेत. व्यवहारात मात्र दुसरा अर्थ पहिल्याला गिळून टाकतो, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. 2010 च्या 'फॉलआउट : न्यू वेगास' या खेळाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मेटाक्रिटिकवर 85 गुण मिळाले तर स्टुडिओला बोनस, असा करार होता. मिळाले 84. स्टुडिओतल्या एका प्रमुख लेखकाने 2012 साली हे जाहीरपणे सांगितलं. एका गुणाने बोनस गेला. त्या सरासरीत भर घालणाऱ्या समीक्षकांना आपल्या आकड्याने कुणाच्या पगाराचं काय होणार याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

एलियन मालिकेच्या बाबतीत समीक्षेची कसोटी लागली ती 2013 आणि 2014 साली. 12 फेब्रुवारी 2013 रोजी 'एलियन्स : कलोनियल मरीन्स' आला. आधी पत्रकारांना आणि जनतेला दाखवलेले नमुने देखणे होते. हातात आलेला खेळ त्यांच्या तुलनेत फिका, सदोष आणि प्राण्यांच्या वागण्यात हास्यास्पद निघाला. समीक्षा कडाडून विरोधात गेल्या. फसव्या जाहिरातीचा आरोप करत अमेरिकेत ग्राहकांच्या वतीने खटला दाखल झाला आणि प्रकाशक सेगाने आपल्यापुरती पैसे देऊन तडजोड केली. या प्रकरणाने वाचक एक गोष्ट शिकले : खेळ येण्याआधीचं कौतुक म्हणजे समीक्षा नव्हे. समीक्षकांनाही धडा मिळाला. नमुना पाहून उसना दिलेला विश्वास शेवटी वाचकाच्या खिशातून वसूल होतो.

या गोष्टीला 2018 साली एक विलक्षण पुरवणी जोडली गेली. खेळाच्या फायली चाळणाऱ्या एका हौशी माणसाला एका ओळीत अक्षराची चूक सापडली. 'टेदर' म्हणजे दावं, या इंग्रजी शब्दात एक 'ए' जास्त पडला होता. प्राण्यांना लढाईतल्या जागांशी जोडणारी आज्ञा त्यामुळे नीट पोचतच नव्हती. ते एक अक्षर काढल्यावर प्राणी बरे हलू लागले, बाजूने येऊन वेढू लागले. खेळ त्यामुळे उत्तम झाला असं नाही, बाकीचे दोष जागच्या जागी होते. पण 2013 साली समीक्षकांनी ज्या मूर्ख प्राण्यांवर तोंडसुख घेतलं, त्यांच्या मूर्खपणात या एका अक्षराचाही हात होता. समीक्षकांचं वर्णन खरं होतं. कारण मात्र त्यांना बाहेरून दिसणं शक्य नव्हतं.

ऑक्टोबर 2014 मध्ये क्रिएटिव्ह असेंब्लीचा 'एलियन : आयसोलेशन' आला. एक प्राणी, एक माणूस आणि लपणं. तोवर हा स्टुडिओ ओळखला जाई तो 'टोटल वॉर' या युद्धाच्या डावपेचांच्या मालिकेसाठी. पीसी गेमर मासिकाने 93 टक्के दिले. आयजीएनने दहापैकी 5.9 दिले आणि लांबी व दमछाकीवर बोट ठेवलं. दोघे एकाच खेळाबद्दल लिहीत होते, आणि दोघांनी पाहिलेली गोष्टही एकच होती. प्राणी कधी येईल याचा भरवसा नाही, एका चुकीने बरीच वाटचाल वाया जाते. एकाच्या दृष्टीने ती भीतीची किंमत होती, दुसऱ्याच्या दृष्टीने तो छळ होता. पुढच्या दहा वर्षांत लोकमत पहिल्याच्या बाजूने झुकलं, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये स्टुडिओने पुढचा भाग बनत असल्याचं जाहीर केलं. तरी मी 5.9 देणाऱ्याला खोटं ठरवणार नाही. त्याने आपला अनुभव प्रामाणिकपणे लिहिला होता. सगळ्यांनी एकच आकडा दिला असता तर 'भीती आणि छळ यांच्यातली रेघ कुठे' हा प्रश्न पुढे आलाच नसता.

'डार्क डिसेंट' आला तो या पार्श्वभूमीवर. टिंडालोसच्या नावावर 'बॅटलफ्लीट गॉथिक : आर्माडा' ही अवकाशातल्या आरमारी लढायांची जोडी होती, भयकथेचा अनुभव नव्हता. त्यामुळे अपेक्षा बेताच्या होत्या. एकंदर स्वागत अनुकूल झालं, आणि अनेकांच्या लिखाणात सुखद आश्चर्य होतं.

कौतुक मुख्यतः तीन गोष्टींचं झालं. पहिली, तुकडी एकजीव चालते. चार सैनिकांना वेगवेगळं हाकावं लागत नाही. हुकूम तुकडीला जातो, आणि दार वेल्डिंग कुणी करायचं, जखमीला कुणी उचलायचं हे काम तुकडीतल्या एकाकडे आपोआप जातं. चालू वेळेतला खेळ त्यामुळे झेपतो. दुसरी, जग लक्षात ठेवतं. माघार घेऊन दुसऱ्या दिवशी परत आलात तर काल बंद केलेलं दार बंदच असतं आणि संपवलेला साठा संपलेलाच असतो. माघार हीसुद्धा चाल ठरते. तिसरी आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे ताण. गोळ्या शिल्लक आहेत, जखम नाही, तरीही माणसं पुढे जाण्याच्या स्थितीत नाहीत, हे खेळ मान्य करतो. 1984 च्या त्या घाबरलेल्या कर्मचाऱ्यांचा वारसा एकोणचाळीस वर्षांनी असा पुढे आला.

तक्रारीही ठोस होत्या. सुरुवातीच्या आवृत्तीत बग होते : हुकूम अडकणं, सैनिक चुकीच्या जागी थांबणं. ज्या खेळात मेलेला माणूस परत येत नाही आणि मनाला येईल तिथे सेव्ह करता येत नाही, तिथे अशी चूक किरकोळ राहत नाही. सैनिक माझ्या चुकीने मेला तर ते दुःख आहे, यंत्राच्या चुकीने मेला तर तो अन्याय आहे. दुसरी तक्रार कथेची. माणसं ओळखीच्या साच्यातली, संवाद बेतास बात. तिसरी तक्रार तर कौतुकाचीच दुसरी बाजू होती. तुकडी एकजीव चालते म्हणून एकट्या सैनिकाला हवं तिथे उभं करता येत नाही. आणि उत्तरार्धात भीतीची सवय होऊन तिची धार कमी होते, असंही काहींना वाटलं.

वेळ संथ करण्याऐवजी पूर्ण थांबवण्याची सोय खेळाच्या सेटिंगमध्ये आहे. ही वरवर लहान गोष्ट, पण त्या घड्याळापासून चालत आलेला सगळा वाद तिच्यात आहे. थांबवलं तर विचाराला जागा मिळते, घबराट ओसरते. ज्याची बोटं संथ चालतात किंवा ज्याचे डोळे अधू आहेत त्याच्यासाठी मात्र हीच सोय खेळाचं दार उघडते. दोन समीक्षकांनी दोन वेगळ्या पर्यायांवर खेळून गुण दिले, तर त्यांनी एकच खेळ तपासला असं म्हणायचं का? पुस्तकाच्या समीक्षकाला हा प्रश्न पडत नाही. नाटकाच्या समीक्षकाला थोडा पडतो, कारण प्रत्येक प्रयोग वेगळा असतो.

बगची गोष्ट याच प्रश्नाला आणखी पीळ देते. पॅच येतात, चुका दुरुस्त होतात. पहिल्या आठवड्यात लिहिलेली समीक्षा आणि आकडा मात्र तिथेच राहतो. विकणारा म्हणतो, दुरुस्ती केली, आता तरी गुण वाढवा. ग्राहक म्हणतो, पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मी मोजले, मला अर्धवट माल का दिला? माझं मत ग्राहकाच्या बाजूने आहे. नाणं पारखायचं ते हातात आलं त्या क्षणी. पुढे कुणी त्याला सोन्याचा मुलामा दिला तर त्याची वेगळी नोंद करावी, पहिली खोडू नये. पण ही नोंद 'दोष आहेत' इतक्यावर थांबली तर ती तजकिऱ्यातली ओळ होते. त्या दोषांआड कोणती कल्पना उभी आहे, हे सांगणं म्हणजे उलगड्याच्या अर्थाने टीका. 'डार्क डिसेंट'च्या चांगल्या समीक्षा त्याच होत्या ज्यांनी दोन्ही केलं : बगची यादी दिली, आणि दार बंद करून श्वास घेणाऱ्या सैनिकांमध्ये खेळाचा जीव आहे हेही सांगितलं.

राहता राहिला हुकुमाचा प्रश्न. एलियनच्या कथेत खरा खलनायक प्राणी नसतोच. पहिल्या चित्रपटापासून तो कंपनी आहे. नमुना मिळावा म्हणून कर्मचाऱ्यांचा जीव गेला तरी चालेल असं तिने आधीच ठरवलेलं असतं. हिशोबाच्या वहीत माणसं खर्चाच्या बाजूला लिहिलेली असतात. डावपेचांचा खेळ खेळाडूला अशीच वही हातात देतो : इतके सैनिक, इतक्या गोळ्या, इतके दिवस. दमलेल्या तुकडीला आणखी एक खोली पुढे ढकलायचं की परत फिरायचं? परत फिरलं तर दिवस जातो, संसर्ग वाढतो. पुढे गेलं तर एखादा कायमचा जातो किंवा मनाने मोडून परत येतो. कंपनी जो हिशोब करते तोच आपणही करतो, फरक इतकाच की या खेळात वहीत ताणाचाही रकाना आहे.

तो रकाना असणं हेच या खेळाचं मोल, असं मला वाटतं. मजूर, परिचारिका, सफाई कामगार, पोलीस, शिक्षक, कुणाच्याही कामाच्या हिशोबात हा रकाना सहसा नसतो. माणूस हजर आहे, हातपाय धड आहेत, म्हणजे तो काम करू शकतो, असं धरलं जातं. 1984 चा एक छोटा खेळ आणि 2023 चा एक मोठा खेळ सांगतात की हुकूम देणाऱ्याने समोरच्याची भीतीही मोजली पाहिजे. ही गोष्ट शंभरापैकी कुठल्याही आकड्यात मावत नाही, ती शब्दांतच सांगावी लागते. सरासरी काढणारी यंत्रं कितीही वाढली तरी समीक्षकाची गरज उरते ती एवढ्याचसाठी.